थीम अपडेट केली आणि वेबसाइटवरचे बदल गायब! असं का होतं आणि ते कसं टाळायचं?

वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर थीमची नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसते. ‘अपडेट’वर क्लिक केलं की अर्ध्या-एक मिनिटात काम झाल्याचा संदेश येतो. पण त्यानंतर वेबसाइट उघडली की मथळ्यांचा फॉन्ट वेगळाच दिसतो, ‘पुढे वाचा’च्या जागी पुन्हा ‘रीड मोअर’ आलेलं असतं आणि पानाच्या तळाशी टाकलेला व्हॉट्सॲप नंबर नाहीसा झालेला असतो.

वेबसाइट हॅक झालेली नसते, काही बिघाडही झालेला नसतो. अपडेटने त्याचं काम चोख केलेलं असतं. बदल चुकीच्या जागी साठवले होते, एवढंच.

जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स वर्डप्रेसवर चालतात. त्यात छोटे दुकानदार, क्लासेस, दिवाळी अंक, ट्रेकिंग ग्रुप आणि हौशी ब्लॉगर असे सगळेच येतात. यातल्या अनेकांनी साइट एकदाच कुणाकडून तरी बनवून घेतलेली असते. तिच्यात कुठे काय बदललं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणूनच हा विषय समजून घ्यायला हवा.

अपडेटच्या वेळी नेमकं काय होतं?

वर्डप्रेसच्या वेबसाइटचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिला भाग डेटाबेसचा. तुमचे लेख, पानं, प्रतिक्रिया, ऑर्डर्स आणि बहुतेक सेटिंग्ज इथे साठवल्या जातात. दुसरा भाग फाइल्सचा. वर्डप्रेस, थीम, प्लगइन आणि अपलोड केलेले फोटो हे सगळं फाइल्सच्या रूपात सर्व्हरवर असतं.

थीम म्हणजे फाइल्सचं एक फोल्डर. पानाचा वरचा भाग कसा दिसेल, लेखाची मांडणी कशी असेल, तळाशी काय असेल, रंग आणि फॉन्ट कोणते असतील, हे त्या फाइल्समध्ये लिहिलेलं असतं.

थीम अपडेट होते तेव्हा वर्डप्रेस नवीन आवृत्तीची झिप फाइल डाउनलोड करतं, ती उघडतं, जुनं फोल्डर बाजूला काढतं आणि त्या जागी नवीन फोल्डर ठेवतं. जुन्या फाइलमधल्या कुठल्या ओळी मूळ निर्मात्याच्या आणि कुठल्या तुम्ही लिहिलेल्या, हे तपासलं जात नाही. सगळं फोल्डरच बदलतं. त्यामुळे थीमच्या फाइलमध्ये शिरून केलेला प्रत्येक बदल जुन्या फोल्डरबरोबर जातो.

वर्डप्रेस याबद्दल सावधही करतं. अपडेट्सच्या पानावर थीमच्या यादीच्या वरच, थीमच्या फाइल्समध्ये केलेले बदल निघून जातील आणि बदलांसाठी चाइल्ड थीम वापरावी, अशी सूचना असते. पण ती कोण वाचतं? शिवाय ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या वर्डप्रेस 5.5 पासून थीम आणि प्लगइनसाठी स्वयंचलित अपडेट सुरू ठेवण्याची सोय झाली. ती सुरू असेल तर अपडेट मध्यरात्री कधीतरी आपोआप होतं आणि सूचना कुणाच्याच नजरेला पडत नाही.

डोळ्यांना न दिसणारं नुकसान

फॉन्ट किंवा रंग बदलला तर लगेच लक्षात येतं. खरा त्रास न दिसणाऱ्या बदलांचा असतो.

अनेक जण गूगल ॲनालिटिक्सचा कोड थीमच्या ‘हेडर’ फाइलमध्ये चिकटवतात. थीम अपडेट झाली की तो कोड जातो. वेबसाइट पूर्वीसारखीच दिसते, पण त्या दिवसापासून वाचकांची मोजणी थांबते. महिन्याभराने आकडे पाहायला गेल्यावर तिथे शून्य असतं आणि तेवढ्या काळाची माहिती पुन्हा मिळवता येत नाही. गूगल सर्च कन्सोलसाठी साइटची मालकी सिद्ध करणारा टॅग, जाहिरातींचा कोड, विक्रीच्या साइटवर तळाशी हाताने लिहिलेला जीएसटी क्रमांक किंवा परताव्याच्या नियमांची लिंक, यांचंही तसंच होऊ शकतं.

मराठी वेबसाइट्सचा प्रश्न थोडा वेगळा आहे

बहुतेक लोकप्रिय थीम्स रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. मराठी मजकूर टाकला की अडचणी सुरू होतात. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, त्यामुळे वाचकाच्या मोबाइलमध्ये जो फॉन्ट असेल त्यात मजकूर दिसतो. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं असल्याने वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. बटणांवरचे आणि सूचनांचे शब्द इंग्रजीत राहतात.

मग साइट बनवणारा ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’सारखा एखादा मोफत देवनागरी फॉन्ट जोडतो, ओळींमधलं अंतर वाढवतो, ‘कॉमेंट्स’चं ‘प्रतिक्रिया’ करतो. म्हणजे मराठी साइटवर थीममध्ये हात घालण्याची वेळ हमखास येते. हे बदल थेट मूळ फाइल्समध्ये केले असतील, तर एका अपडेटमध्ये साइटचा मराठीपणाच पुसला जातो.

मग अपडेटच बंद ठेवलं तर?

एकदा फटका बसला की बरेच जण हाच मार्ग धरतात. थीमला हातच लावायचा नाही, असं ठरवून वर्षानुवर्षं जुनी आवृत्ती चालवतात. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा महागात पडू शकतो. कारण अपडेटमध्ये नुसती नवी सजावट नसते, सुरक्षेतल्या त्रुटींची दुरुस्तीही असते.

2011 मधलं ‘टिमथंब’ प्रकरण याचं ठळक उदाहरण आहे. टिमथंब ही फोटोंचा आकार बदलणारी एक छोटी फाइल होती. अनेक थीम्सच्या निर्मात्यांनी ती आपल्या थीममध्ये जशीच्या तशी घातली होती. ऑगस्ट 2011 मध्ये तिच्यातली एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिचा फायदा घेऊन हल्लेखोर स्वतःचा कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवून चालवू शकत होते. मार्क माँडर यांच्या स्वतःच्या साइटवर हल्ला झाला आणि त्याचा माग काढताना त्यांना ही त्रुटी सापडली.

साइटमालकांपैकी अनेकांना टिमथंब हे नावही माहीत नव्हतं. ती फाइल त्यांनी बसवलेली नव्हती, थीमबरोबर आलेली होती. दुरुस्त केलेली फाइल मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे थीम अपडेट करणं. ज्यांनी थीममध्ये थेट बदल केले होते, त्यांच्यापुढे मात्र पेच होता. अपडेट करावं तर सजावट जाते, न करावं तर साइट धोक्यात राहते.

हा पेच टाळता येतो. त्यासाठी बदल कुठे ठेवायचे, एवढं ठरवावं लागतं. भिंतीवर लिहिलेलं रंगकामात जातं, खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर मात्र रंग वाळल्यावर पुन्हा लावता येतं.

चाइल्ड थीम म्हणजे काय?

चाइल्ड थीम म्हणजे मूळ थीमवर अवलंबून असलेली दुसरी, छोटी थीम. मूळ थीमला पॅरेंट थीम म्हणतात. चाइल्ड थीमच्या फोल्डरमध्ये फक्त तुमचे बदल असतात. वेबसाइट दाखवताना वर्डप्रेस आधी चाइल्ड थीममध्ये हवी ती फाइल आहे का ते पाहतं. असेल तर ती वापरतं, नसेल तर पॅरेंट थीममधली घेतं.

समजा, घरगुती मसाले विकणाऱ्या एका साइटला पानाचा फक्त तळाचा भाग बदलायचा आहे. मग पॅरेंट थीममधली ‘फूटर डॉट पीएचपी’ ही एकच फाइल चाइल्ड थीममध्ये कॉपी करायची आणि तिथे बदल करायचा. बाकी सगळं पॅरेंट थीमकडून येत राहतं. पुढे पॅरेंट थीमची नवी आवृत्ती आली की तिचं फोल्डर बदललं जातं. चाइल्ड थीमचं फोल्डर वेगळं असल्याने त्याला धक्का लागत नाही.

ही सोय जुनीच आहे. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या वर्डप्रेस 2.7 पासून चाइल्ड थीममधली फाइल पॅरेंट थीममधल्या फाइलची जागा घेऊ शकते.

चाइल्ड थीम कशी बनवतात?

सर्व्हरवर ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरच्या आत ‘थीम्स’ नावाचं फोल्डर असतं. तिथे एक नवीन फोल्डर बनवायचं आणि त्यात ‘स्टाइल डॉट सीएसएस’ ही फाइल ठेवायची. या फाइलच्या सुरुवातीला दोन गोष्टी लिहाव्या लागतात: ‘थीम नेम’ म्हणजे चाइल्ड थीमचं नाव आणि ‘टेम्प्लेट’ म्हणजे पॅरेंट थीमच्या फोल्डरचं नाव.

दुसऱ्या ओळीत चूक होण्याची शक्यता जास्त. तिथे थीमचं दिसणारं नाव चालत नाही, फोल्डरचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. उदाहरणार्थ, ‘ट्वेंटी ट्वेंटी-वन’ या थीमचं फोल्डर सगळ्या लहान इंग्रजी अक्षरांत, मधे जागा किंवा आडवी रेघ न ठेवता, सलग लिहिलेलं असतं.

गरज असेल तर ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ ही दुसरी फाइल जोडायची आणि मग डॅशबोर्डवर ‘अपीअरन्स’मध्ये ‘थीम्स’वर जाऊन चाइल्ड थीम सुरू करायची. कोडला हात लावायचा नसेल, तर चाइल्ड थीम बनवून देणारी प्लगइन्स मोफत मिळतात. अनेक विकत मिळणाऱ्या थीम्सबरोबर तयार चाइल्ड थीमही दिलेली असते.

कुठे चुका होतात?

चाइल्ड थीम सुरू केल्यावर पहिला धक्का बसतो तो सेटिंग्जचा. लोगो, मेन्यूची जागा, ‘अतिरिक्त सीएसएस’मध्ये लिहिलेला मजकूर हे सगळं नाहीसं झाल्यासारखं वाटतं. खरं तर ते डेटाबेसमध्ये सुरक्षित असतं. पण वर्डप्रेस या गोष्टी प्रत्येक थीमच्या नावाने वेगळ्या साठवतं आणि चाइल्ड थीम ही त्याच्या दृष्टीने नवी थीम असते. त्यामुळे त्या पुन्हा भराव्या किंवा आणाव्या लागतात. म्हणूनच चाइल्ड थीम साइट बनवतानाच सुरू केलेली बरी.

दुसरी गोष्ट म्हणजे साइट अचानक उघडीबोडकी, नुसत्या मजकुरासारखी दिसणं. काही जुन्या पद्धतीच्या थीम्समध्ये चाइल्ड थीम सुरू केल्यावर पॅरेंट थीमची स्टाइल फाइल आपोआप जोडली जात नाही. ती ‘फंक्शन्स’ फाइलमधून जोडावी लागते.

तिसरी चूक ‘फंक्शन्स’ फाइलचीच. बाकीच्या फाइल्सप्रमाणे ही फाइल पॅरेंटमधल्या फाइलची जागा घेत नाही. आधी चाइल्डची आणि मग पॅरेंटची, अशा दोन्ही चालतात. त्यामुळे पॅरेंटची अख्खी फाइल कॉपी केली तर एकच फंक्शन दोनदा येतं आणि साइट बंद पडू शकते. या फाइलमध्ये फक्त स्वतःच्या नव्या ओळी लिहायच्या.

चौथी चूक सावकाश डोकं वर काढते. चाइल्ड थीममध्ये कॉपी केलेली फाइल त्या दिवसापासून गोठते. पुढे पॅरेंट थीमच्या त्याच फाइलमध्ये एखादी त्रुटी दुरुस्त झाली, तरी तुमची साइट जुनीच प्रत वापरत राहते. वूकॉमर्ससारखं दुकानाचं प्लगइन अशा जुन्या झालेल्या प्रती ‘स्टेटस’च्या पानावर दाखवतं. बाकी ठिकाणी हे स्वतः तपासावं लागतं. त्यामुळे गरजेपुरत्याच फाइल्स कॉपी कराव्यात.

आणि एक लक्षात ठेवायला हवं: चाइल्ड थीम सुरू असली तरी पॅरेंट थीम सर्व्हरवर असावीच लागते. ‘वापरात नाही’ असं समजून फाइल मॅनेजरमधून तिचं फोल्डर उडवलं तर चाइल्ड थीमही चालत नाही.

प्रत्येक बदलासाठी चाइल्ड थीम हवीच का?

नाही. बदल कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर त्याची जागा ठरते.

फक्त रंग, अंतर किंवा अक्षरांचा आकार बदलायचा असेल तर ‘अतिरिक्त सीएसएस’ पुरतं. डिसेंबर 2016 मध्ये वर्डप्रेस 4.7 बरोबर ही सोय आली. इथलं लिखाण डेटाबेसमध्ये जातं, म्हणून थीम अपडेट झाली तरी टिकतं.

ॲनालिटिक्सचा कोड, मालकीचा टॅग, जाहिरातींचा कोड हे थीममध्ये ठेवूच नये. त्यांचा सजावटीशी संबंध नाही. उद्या थीमच बदलली तरी ते हवेच असतात. त्यासाठी कोड जोडणारं एखादं प्लगइन वापरावं किंवा स्वतःचं छोटं प्लगइन बनवून घ्यावं.

इंग्रजी शब्दांचं मराठी करायचं असेल तर थीमची फाइल न बदलता भाषांतराची फाइल वापरावी. ‘लोको ट्रान्सलेट’ या प्लगइनमध्ये हे काम डॅशबोर्डवरूनच होतं. मात्र भाषांतर कुठे साठवायचं, असं ते विचारतं तेव्हा नीट पाहावं. थीमच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं भाषांतर थीमच्या अपडेटमध्ये जाऊ शकतं, वर्डप्रेसच्या सामायिक भाषा-फोल्डरमधलं भाषांतर वर्डप्रेसच्या भाषा-अपडेटमध्ये बदलू शकतं. ‘कस्टम’ हा पर्याय निवडला तर ते लोकोच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतं आणि अपडेटच्या वाटेत येत नाही.

जानेवारी 2022 मध्ये वर्डप्रेस 5.9 बरोबर आलेल्या ‘साइट एडिटर’मुळे बरंच काम सोपं झालं आहे. ब्लॉक थीम असेल तर वरचा-खालचा भाग, मांडणी, रंग हे सगळं माउसने बदलता येतं आणि ते बदल डेटाबेसमध्ये साठतात. एप्रिल 2024 मधल्या वर्डप्रेस 6.5 मध्ये ब्लॉक थीम्ससाठी ‘फॉन्ट लायब्ररी’ही आली. तिथून चढवलेला देवनागरी फॉन्ट थीमच्या फोल्डरबाहेर साठतो. अशा साइटवर अनेकदा चाइल्ड थीमची गरजच पडत नाही.

मूळ थीममध्ये आधीच बदल झाले असतील तर?

सगळ्यात आधी त्या थीमचं स्वयंचलित अपडेट तात्पुरतं बंद करावं आणि फाइल्स व डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप घ्यावा.

मग तुमच्या साइटवर थीमची जी आवृत्ती आहे, नेमकी तीच मूळ आवृत्ती मिळवावी. ‘विनमर्ज’ किंवा ‘मेल्ड’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फोल्डर्स शेजारी-शेजारी लावली की कोणत्या फाइलमधली कोणती ओळ बदलली आहे, ते रंगाने दिसतं. इथे आवृत्ती तीच असणं महत्त्वाचं आहे. नव्या आवृत्तीशी तुलना केली तर निर्मात्याचे आणि तुमचे बदल एकमेकांत मिसळून जातील.

सापडलेले बदल चाइल्ड थीममध्ये किंवा त्यांच्या योग्य जागी हलवावेत. अनेक होस्टिंग कंपन्या साइटची चाचणीसाठीची प्रत बनवून देतात. आधी त्या प्रतीवर पॅरेंट थीम अपडेट करून पाहावी, सगळं ठीक दिसलं तरच खऱ्या साइटवर.

आणि अपडेट होऊन बदल गेलेच असतील तर?

आधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत साइट उघडून पाहावी आणि साइटची कॅशे रिकामी करावी. कधी कधी जुन्या साठवलेल्या फाइल्समुळेच साइट विस्कटलेली दिसते.

बदल खरोखर गेले असतील तर होस्टिंगकडे बॅकअप आहे का ते लगेच विचारावं. कारण असे बॅकअप ठरावीक दिवसांनी पुसले जातात. बॅकअप मिळाला तरी घाईने सगळी साइट मागच्या तारखेला नेऊ नये. तसं केलं तर मधल्या काळातले लेख, प्रतिक्रिया आणि ऑर्डर्स जातील. हवं असतं ते फक्त जुन्या थीमचं फोल्डर. ते संगणकावर उतरवून त्यातून बदल शोधावेत.

बॅकअप नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये साइटची जुनी प्रत सापडू शकते. तिच्यातून दिसणारा मजकूर, रंग, फॉन्टची नावं परत मिळू शकतात. पीएचपी फाइल्समधला कोड मात्र तिथे मिळत नाही, कारण तो ब्राउझरपर्यंत येतच नाही.

ऑगस्ट 2023 मधल्या वर्डप्रेस 6.3 पासून अपडेट अयशस्वी झालं तर जुनी थीम आपोआप परत बसते, असं वाचून काही जण निश्चिंत होतात. पण ती सोय अपडेट मधेच अडलं तर उपयोगी पडते. अपडेट यशस्वी झालं आणि तुमचे बदल गेले, तर वर्डप्रेसच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं.

साइट दुसऱ्याने बनवली असेल तर काय विचाराल?

डॅशबोर्डवर ‘अपीअरन्स’मध्ये ‘थीम्स’वर जा आणि सुरू असलेल्या थीमची माहिती उघडा. ती चाइल्ड थीम असेल तर कोणत्या थीमची, हे तिथे लिहिलेलं असतं. तसं काही दिसलं नाही, तर साइट बनवणाऱ्याला एवढंच विचारा: ‘थीमच्या फाइलमध्ये तुम्ही काही बदललं आहे का आणि ते बदल कुठे ठेवले आहेत?’

‘काहीच बदललं नाही’ किंवा ‘सगळं चाइल्ड थीममध्ये आहे’ असं उत्तर मिळालं, तर बॅकअप घ्या आणि खुशाल अपडेट करा. ‘मूळ फाइलमध्येच केलंय, तुम्ही फक्त अपडेट करू नका’ असं उत्तर आलं, तर पुढचं काम कोणतं ते ठरलं. ते बदल आधी मूळ थीमबाहेर काढून घ्या आणि मगच अपडेट करा. नवीन साइट बनवून घेताना तर ही अट पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.